तक्रारीच्या चौकटीतली एक ओळ

प्रश्न : बेसा-घोगली रस्त्यावर आमची ६४ फ्लॅटची स्कीम आहे. मी निवृत्त शिक्षक, सध्या सोसायटीचा सचिव. नोटिसा, मेंटेनन्स आणि तक्रारींसाठी आम्ही एक छोटी वेबसाइट करून घेतली आहे. मागच्या महिन्यात जो कोणी तक्रारींचं पान उघडेल, त्याच्या पडद्यावर ‘१’ लिहिलेली चौकट येऊ लागली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा स्वतः घरी आला. म्हणाला, “काका, मी तक्रारीत फक्त एक ओळ टाइप केली होती. साइटला भोक आहे.” त्याच्याकडे कुणाचा पासवर्ड नव्हता. कमिटीतले म्हणतात, पोट्ट्यानं साइट हॅक केली, पोलिसांत द्या. टाइप केलेली अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कामाला कशी लागतात? आमच्या पैशांना धोका होता का?
– एक वाचक, बेसा, नागपूर

उत्तर : सर, आधी त्या मुलाबद्दल. तो घरी येऊन सांगून गेला, हे विसरू नका. कायद्याकडे पुढे वळतो; त्याआधी अक्षरं कामाला कशी लागतात ते.

पूर्वी गावात कोतवाल दवंडी द्यायचा. वरून आलेला हुकूम तो मोठ्यानं सांगायचा आणि गाव तो सरकारचाच शब्द मानायचं. आता समजा, त्या कागदावर हुकमाच्या मधोमध एका गावकऱ्याचा अर्जही उतरवून घेतलाय, पण अर्ज कुठून कुठपर्यंत आहे याची खूणच केलेली नाही. अर्जात कुणी लिहून ठेवलं, ‘उद्या सगळ्यांनी आपापले बैल सोडावेत,’ तर कोतवाल तेही हुकमाच्याच आवाजात सांगेल. यात कोतवालाचा दोष नाही. खूण न करता कागद तयार करणाऱ्याचा आहे.

ब्राउझर हा तुमचा कोतवाल. वेबसाइटकडून येणारं पान म्हणजे अक्षरांची एक सलग पट्टी असते. दाखवायचा मजकूर आणि ब्राउझरला दिलेल्या सूचना एकाच पट्टीत येतात. दोन्ही वेगळे ओळखायची खूण म्हणजे कोनी कंस, गणितात ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठा’ म्हणून तुम्ही फळ्यावर काढत होता तीच चिन्हं. कंसांच्या आत आलं की ती सूचना. त्यात ‘स्क्रिप्ट’ हा शब्द आला, की पुढचा मजकूर दाखवायचा नाही, चालवायचा, असं ब्राउझर समजतो. त्या मुलानं तक्रारीच्या चौकटीत नेमके हे कंस, हा शब्द आणि ‘१ दाखव’ एवढी आज्ञा लिहिली. साइटनं ती ओळ तक्रार म्हणून जपून ठेवली आणि पान उघडणाऱ्या प्रत्येकाला जशीच्या तशी पाठवली. या दोषाला ‘स्टोअर्ड क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ म्हणतात. क्रॉस-साइट हे नाव २००० च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टमधल्या मंडळींनी ठेवलं. ‘सीएसएस’ हे लघुरूप आधीच दुसऱ्या गोष्टीला दिलेलं होतं, म्हणून याला ‘एक्सएसएस’ म्हणू लागले. दोष जुना असला तरी गेलेला नाही. सॉफ्टवेअरमधल्या सर्वांत घातक २५ दोषांची यादी अमेरिकेतली मायटर ही संस्था काढते, त्यात २०२४ साली हाच पहिल्या क्रमांकावर होता.

हा ‘स्टोअर्ड’, म्हणजे साठवलेला, प्रकार मला सगळ्यांत वाईट वाटतो, कारण त्यात फसायला तुम्हाला काहीच चूक करावी लागत नाही. अनोळखी लिंक दाबली नाही, ओटीपी सांगितला नाही, रोजचं आपलं पान उघडलं, एवढंच. ऑर्कुट ही सोशल साइट वापरलेल्यांना हे आठवत असेल. डिसेंबर २००७ मध्ये स्क्रॅपबुकात नव्या वर्षाच्या शुभेच्छांचा एक पोर्तुगीज स्क्रॅप, म्हणजे निरोप, येऊ लागला. तो नुसता पाहिला, तरी पाहणाऱ्याच्या नावानं तोच स्क्रॅप त्याच्या मित्रांना जाई आणि तो स्वतः एका भलत्याच कम्युनिटीत सामील झालेला असे. लाखो खाती त्यात सापडली. २५ सप्टेंबर २०१० ला, शनिवारी, ऑर्कुटवरच पुन्हा तेच घडलं. या वेळच्या पोर्तुगीज शब्दांचा अर्थ होता ‘शुभ शनिवार’.

मायस्पेस या ऑर्कुटसारख्याच साइटची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुमची साइट दुरुस्त करणारा माणूस नेमकी तीच चूक करण्याची शक्यता आहे. ४ ऑक्टोबर २००५ रोजी सॅमी कामकार या तरुणानं आपल्या प्रोफाइलमध्ये असाच कोड ठेवला. पाहणारा त्याचा मित्र बनायचा, ‘सॅमी माझा हीरो’ अशा अर्थाची ओळ पाहणाऱ्याच्या प्रोफाइलवर उमटायची आणि कोडची प्रतही तिथे जाऊन बसायची. २० तासांत दहा लाखांहून जास्त प्रोफाइल. मायस्पेस बेसावध नव्हतं. मजकुरात ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द दिसला की ते काढून टाकत. सॅमीनं ‘जावा’ एका ओळीत आणि ‘स्क्रिप्ट’ पुढच्या ओळीत लिहिलं. गाळणीला शब्द दिसला नाही, पण काही ब्राउझरांनी दोन्ही तुकडे जोडून वाचले. म्हणून वाईट शब्दांची यादी करून ते गाळणं हा उपाय नाही. यादी कितीही लांबवा, लिहिणारा तिसरी तऱ्हा शोधतो. शिवाय ‘पाण्याचा दाब ५ पेक्षा कमी’ हे चिन्हानं लिहिणाऱ्या सज्जन माणसाची तक्रार अडकते ती वेगळीच.

उपाय दाखवण्याच्या जागी आहे. साठवलेला मजकूर पानावर ठेवताना प्रत्येक कोनी कंसाच्या जागी ब्राउझरला कळणारा एक संकेत पाठवायचा. ‘इथे कंस काढून दाखव, सूचना समजू नकोस,’ असा त्याचा अर्थ. दवंडीच्या कागदावर अर्जाभोवती चौकट आखण्यासारखंच हे. जॅंगो, रिॲक्ट यांसारखी साइट बांधायची आजची साधनं हे आपोआप करतात. पीएचपी भाषेत जुन्या पद्धतीनं लिहिलेल्या साइटमध्ये मात्र ते हातानं, प्रत्येक ठिकाणी आठवणीनं करावं लागतं, आणि साठ ठिकाणांपैकी एक राहून जातं. तक्रारीची चौकट बंद केली आणि भाडेकरूच्या नावाची, गाडी नंबरची, अपलोड केलेल्या फोटोच्या फाइलच्या नावाची राहिली, असं हमखास होतं.

आता पैसे. साइटमधल्या कोडला तुमचा यूपीआय पिन वाचता येत नाही, तो यूपीआयच्या ॲपमध्ये टाकला जातो. पण मेंटेनन्सच्या पानावर तुम्ही क्यूआर कोड लावला असेल ना? तिथल्या नोटिशीत किंवा नावाच्या रकान्यात असाच कोड शिरला, तर तो क्यूआर बदलता येतो. पान तुमचं, वरचा पत्ता तुमचा, पैसे भलतीकडे. दुसरा धोका खुद्द तुम्हाला होता. लॉगिन केल्यावर साइट ब्राउझरला एक खूण देते, देवळाबाहेर चपलांच्या स्टँडवर बिल्ला देतात तशी. पुढे प्रत्येक वेळी पासवर्ड विचारत नाहीत, बिल्ला पाहतात. सचिव म्हणून लॉगिन करून तुम्ही ते पान उघडलं, की कोड तुमचा बिल्ला बाहेर पाठवू शकतो. स्क्रिप्टला बिल्ला दिसू नये अशी सोय साइटवर करता येते आणि ती करायलाच हवी. पण बिल्ला लपवला तरी तो कोड तुमच्या उघड्या पानातूनच तुमच्या अधिकारानं नोटीस लावू शकतो.

दुरुस्तीनंतर एक साधी चाचणी कमिटीच्या संमतीनं स्वतः करा. तक्रारीत कोनी कंसात इंग्रजी ‘बी’ लिहा आणि त्यापुढे ‘पाणी’. पान उघडल्यावर कंस आणि ‘बी’ जसेच्या तसे दिसले, तर ठीक. ते गायब होऊन ‘पाणी’ ठळक अक्षरात आलं, तर भोक तसंच आहे. जिथे जिथे टाइप करता येतं, तिथे हेच करा. जुन्या नोंदीही तपासून घ्या, आणि सगळ्यांची लॉगिन एकदा रद्द करायला सांगा.

मुलाचं म्हणाल तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलेलं असावं लागतं. ‘१’ दाखवून दुसऱ्या दिवशी दार वाजवणाऱ्याला मी कपटी म्हणणार नाही. त्यानं आधी विचारायला हवं होतं, एवढं मात्र त्याला स्पष्ट सांगा. मोठ्या किंवा सरकारी साइटवर असा दोष दिसला, तर स्वतः करून न पाहता तो सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेला कळवायचा असतो, हेही सांगा. आणि साइट बनवणारा दुरुस्तीला येईल, तेव्हा त्या मुलाला शेजारी बसवा. कोणत्या चौकटीत काय टाइप केलं होतं, ते त्याच्याइतकं नेमकं दुसरं कुणी दाखवू शकणार नाही.