आयुकाची दुर्बीण गेली कुठे?

प्रश्न : मुलीला घेऊन पुण्याला आयुका पाहायला गेलो होतो. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे पाहिले, फूकोचा लंबक पाहिला. पण मोठी दुर्बीण कुठेच दिसली नाही. दुर्बिणीशिवाय खगोलशास्त्राचं संशोधन चालतं कसं? आणि अशा संस्थेने शाळकरी मुलांसाठी खेळणी करत बसावं का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : आयुकाची, म्हणजे आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्राची, दुर्बीण आहे, पण गणेशखिंडीतल्या आवारात नाही. शहराच्या दिव्यांनी उजळलेल्या आभाळात अंधूक दीर्घिका दिसेनाशा होतात. म्हणून आयुकाची 2 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण पुण्यापासून सुमारे 80 किलोमीटरवर, गिरवलीला आहे.

तरीही आयुकाचं पुष्कळ काम त्या दुर्बिणीवाचून होतं. 2017 साली जाहीर झालेला ‘सरस्वती’ महासमूह घ्या. मीन राशीच्या दिशेला, सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षं दूर असलेली ही दीर्घिकांच्या समूहांची प्रचंड साखळी. तिची लांबी 60 कोटी प्रकाशवर्षं भरते. आयुकातले जॉयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती सापडली, ती अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या ‘स्लोन’ सर्वेक्षणाने जमवलेल्या आणि सर्वांना खुल्या केलेल्या माहितीत.

ही माहिती जमली कशी, ते बघण्यासारखं आहे. आभाळाच्या एकेका तुकड्यासाठी ॲल्युमिनियमची एक तबकडी घेत आणि दीर्घिका जिथे आहेत नेमकं तिथे तिला भोकं पाडत. सुरुवातीच्या काळात एका तबकडीला अशी 640 भोकं असत. प्रत्येक भोकात माणसं हाताने एकेक काचतंतू खोचत. तंतूतून एकाच दीर्घिकेचा प्रकाश आत येतो आणि त्याचा वर्णपट मिळतो. त्यात कॅल्शियमची काळी जोडरेघ शोधायची. तिच्यातली एक रेघ प्रयोगशाळेत 393 नॅनोमीटरवर, जांभळ्या टोकाला असते. सरस्वतीतल्या दीर्घिकांमध्ये ती 503 च्या आसपास, म्हणजे हिरव्या रंगात सापडते. प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावलं आणि लहरी ताणल्या गेल्या. किती ताणल्या, यावरून अंतर कळतं. हजारो दीर्घिकांची अशी अंतरं मांडली, की आभाळाच्या सपाट चित्राला खोली येते आणि कोण कोणाच्या शेजारी आहे ते दिसू लागतं.

या शोधनिबंधाच्या लेखकांत केरळातल्या तोडुपुळा गावच्या न्यूमन कॉलेजातले एक प्राध्यापकही आहेत, आणि मला याचंच सर्वांत जास्त अप्रूप वाटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1988 मध्ये आयुका स्थापन केली आणि जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले, ते याचसाठी. लहान गावातल्या कॉलेजात शिकवणाऱ्याला पुण्यात येऊन राहता यावं, संगणक आणि ग्रंथालय वापरता यावं, परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांसह काम चालू ठेवता यावं. नावातल्या ‘आंतरविद्यापीठ’ शब्दाला इथे खराखुरा अर्थ आहे.

आता खेळण्यांबद्दल. पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका याच आवारात आहे. विज्ञान-खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता तिथे वर्षानुवर्षं आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन मुलांकडून आकार करवून घेत. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलंडतो, त्रिकोण मात्र हलत नाही. हे हाताला एकदा कळलं, की पुलाच्या कैचीत त्रिकोण का असतात ते वेगळं सांगावं लागत नाही. नारळीकरांकडे मुलं स्वाक्षरी मागायला आली, की ते पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवायला सांगत. उत्तराखाली सही मिळे. हाताने करून बघायची आणि प्रश्न विचारायची ही सवयच संशोधनाला लागते, आणि ती वयाच्या पंचविशीत पहिल्यांदा लावू म्हटलं तर फार उशीर झालेला असतो. त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे : हो, संस्थेने हे करावंच.

28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, आयुका सर्वांना खुली असते. मुलीला पुन्हा घेऊन जा, मात्र घरून एक काम करून. स्लोनचे वर्णपट इंटरनेटवर फुकट मिळतात. एखाद्या दूरच्या दीर्घिकेचा वर्णपट तिला उघडून द्या आणि कॅल्शियमच्या जोडरेघेतली ती 393 ची रेघ कुठे सरकली आहे ते तिचं तिला शोधू द्या. मिळालेल्या नॅनोमीटरमधल्या आकड्याला 393 ने भागायचं. सरस्वतीसाठी उत्तर 1.28 येतं, तिला किती मिळालं, ते तिथल्या संशोधकांना दाखवा.