बारीक सिगार म्हणजे सौम्य सिगार?

प्रश्न : कामानिमित्त हवानाला जाणार आहे. धाकटा भाऊ क्वचित सिगार ओढतो. त्याच्यासाठी जुन्या पद्धतीचे लांब, बारीक सिगार आणावेत असं वाटतं. ते जाड सिगारपेक्षा सौम्य असतात ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तसं नाही. सिगारचा कडकपणा आतल्या पानांच्या मिश्रणावर ठरतो, जाडीवर नाही. उलट बारीक सिगारमध्ये वरच्या वेष्टनाच्या पानाचा वाटा जास्त असल्याने त्याची चव ठळक लागते. शिवाय भराभर झुरके घेतले तर तो तापून कडवट होतो. मिनिटाला एक झुरका पुरे.

कोहिबा लान्सेरोस आणि मोंटेक्रिस्टो एस्पेशियल हे दोन्ही बारीक सिगार 192 मिलिमीटर लांब आणि साधारण 15 मिलिमीटर जाड असतात. एवढा लांब सिगार संपेपर्यंत बसणं जमणार नसेल तर 152 मिलिमीटरचा एस्पेशियल क्रमांक 2 घ्या. फारशी सवय नसलेल्याला किंचित जाड, 165 मिलिमीटरचा मोंटेक्रिस्टो क्रमांक 1 सोपा जातो.

घेताना सिगार हलकेच दाबून पाहा. मध्येच गाठ लागली तर धूर अडतो. रस्त्यावर स्वस्तात मिळणारे सिगार बहुधा नकली असतात, तेव्हा अधिकृत दुकानातूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. कस्टमची मर्यादाही आधी पाहून घ्या.

एक मात्र लक्षात असू द्या. धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका राहतोच. त्यामुळे अख्खी पेटी नको, दोन-तीन सुटे सिगार पुरेत.