धुराचे नवे निकष आणि एका ट्रकचा मालक

१ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या वाहनांसाठी भारत स्टेज-६ निकष लागू झाले. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली. नव्या ट्रकमध्ये काजळी अडविणारी गाळणी व नायट्रोजन ऑक्साइड घटविणारी युरिया-द्रावणाची यंत्रणा आली. हवेच्या शुद्धतेस त्यामुळे हातभार लागतो. परंतु ट्रकची किंमत व देखभालीचा खर्चही वाढतो. मोठा वाहतूकदार हा भार अनेक गाड्यांवर विभागतो. कर्ज काढून एकच ट्रक चालविणाऱ्यास तो एकट्याने पेलावा लागतो. म्हणून तो जुनाच ट्रक वापरीत राहतो. जुना ट्रक मोडीत काढल्याच्या प्रमाणपत्रावर नव्याच्या मोटार वाहन करात सवलत देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती गावोगावच्या ट्रकमालकांपर्यंत अवश्य पोहोचवावी.