काबर्ने सोव्हिन्यों : तांबड्या मद्याचे द्राक्ष

खाण्याच्या द्राक्षात आपण मोठा मणी, पातळ साल व बियांचा अभाव पाहतो. मद्याच्या द्राक्षाची पारख याच्या उलट असते. फ्रान्समधील बोर्दो भागातील काबर्ने सोव्हिन्यों ही जात याचे उत्तम उदाहरण होय. हिचा मणी लहान व काळानिळा, साल जाड आणि बी ठसठशीत असते. तांबड्या मद्याचा रंग सालीतून व तुरटपणा साल आणि बियांतून उतरतो. मणी लहान असल्याने रसाच्या मानाने साल अधिक पडते व मद्य गडद आणि टिकाऊ होते. काबर्ने फ्रां ही काळी व सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी जात हिचे जनक आहेत, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९९७ साली सिद्ध केले.

हिचे डोळे उशिरा फुटतात. त्यामुळे तिकडे कोवळे फुटवे थंडीच्या कडाक्यातून वाचतात. मात्र फळही उशिरा पिकते. ते कच्चे राहिल्यास मद्याला ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास येतो. वेल जोमदार असल्याने पानांची गर्दी होऊन हा दोष वाढतो; भुरी रोगही बळावतो. म्हणून मेदॉकचे बागाईतदार ही जात निचऱ्याच्या, ऊब धरणाऱ्या गोटाड जमिनीत लावतात आणि सोबत लवकर पिकणारी मर्लो ठेवतात. एकीने दगा दिला तर दुसरी तारते.

नाशिककडेही ही जात लावली जाते. पण येथील अडचण निराळी आहे. उन्हाचा ताव वाढला की साखर झपाट्याने चढते, आंबटपणा उतरतो, साल व बी मात्र मागे राहतात. म्हणून केवळ साखर मोजून तोडणी ठरवू नये. मणी चाखावा व बी पाहावे. हिरवे बी कच्चेपणाची, तपकिरी बी पक्वतेची खूण होय. घडाजवळची पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूने विरळ करावीत, दुपारच्या बाजूची राखावीत.

शेतकरी बंधूंनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. हे बारीक, बियांचे द्राक्ष खाण्यासाठी बाजारात सहसा खपत नाही. कारखान्याने माल नाकारला, तर तो कोठे विकावा हा प्रश्न उभा राहतो. म्हणून भाव, साखरेचे प्रमाण व तोडणीची वेळ यांचा लेखी करार लागणीपूर्वीच करावा. ग्रामसेवकांनीही जमीन पाहण्याआधी करार पाहावा. कारण मांडवावर पैसा घातल्यावर माघार घेणे कठीण असते.