ताट बदललं, गोळी तीच राहिली

मधुमेह निघाला तेव्हा मी 51 वर्षांची होते. उपाशीपोटी साखर 186, एचबीएवनसी 8.7. डॉक्टरांनी नाश्त्याआधी घ्यायची एक गोळी दिली, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली. माझ्या आईची नजर मधुमेहानं गेलेली मी पाहिली होती. त्या भीतीपोटी मी घाई केली.

पोळी, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा, सगळं एका सोमवारी बंद. सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी पालेभाजी आणि पनीर, रात्री नुसतं पिठलं वाटीत घेऊन. सासूबाई म्हणाल्या, "अगं, घासभर भाकरी तरी खा." मी ऐकलं नाही. डॉक्टरांनाही कळवलं नाही. साखर कमी झाली की दाखवू, असं मनाशी ठरवलं होतं.

गुरुवारी तिसऱ्या तासाला सहावीच्या वर्गात लसावि शिकवत होते. खडू हातातून निसटला. उचलायला वाकले, तर बोटं थरथरत होती आणि मानेवरून घाम वाहत होता. फळ्यावर मीच लिहिलेले 48 मला वाचता येईनात. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुम्हाला बरं नाही का?" मला उत्तर सुचेना. शेजारच्या वर्गावरच्या बाईंकडे ग्लुकोमीटर होतं. त्यांनी बोट टोचलं, आकडा 52. शिपाईमामांनी पाण्यात साखर ढवळून आणली, म्हणून निभावलं. हेच रस्त्यात गाडी चालवताना झालं असतं तर, या विचारानं आजही अंगावर काटा येतो.

संध्याकाळी डॉक्टरांनी समजावलं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. ताटात भात आहे की नाही, हे ते बघत नाही. मी भात काढून घेतला, गोळी मात्र भाताच्या हिशोबाचीच राहिली. त्यांनी त्याच दिवशी ग्लिमेपिराइड थांबवलं आणि एकटं मेटफॉर्मिन चालू ठेवलं, कारण त्यानं सहसा साखर इतकी खाली जात नाही.

म्हणून कळकळीनं सांगते: ताट बदलण्याआधी गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि काय काय सोडणार आहात ते स्पष्ट सांगा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्शुलिन चालू असेल तर मात्रा आधीच कमी करावी लागू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या असतील तर कर्बोदकं एकदम तोडू नका. रक्तातली आम्लता धोकादायक वाढू शकते, आणि तीही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर थेट दवाखाना गाठा. रक्तदाबाची गोळी असेल तर तीही दाखवा. या आहारात दाबही उतरतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे विचारूनच ठरवा. मात्र मनानं कुठलीच गोळी बंद करू नका.

घरात ग्लुकोमीटर ठेवा. सुरुवातीचे आठवडे उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजा. थरथर, घाम, गोंधळ वाटला की लगेच मोजा. आकडा 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

आणि पायरी पायरीनं चला. मी दुसऱ्यांदा सुरुवात केली ती चहातल्या साखरेपासून. मग रात्रीचा भात बंद केला, मग तीन पोळ्यांची एक केली. भाकरी कितीही चालते, हा समज सोडा. ज्वारीच्या पिठातही सुमारे 70 टक्के कर्बोदकंच असतात. अर्धी भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, भरपूर भाजी, सोबत ताक, हे माझं आजचं जेवण. पोट भरतं आणि सासूबाईंचा जीवही शांत राहतो.

सहा महिन्यांनी एचबीएवनसी 6.6 आलं. आहारानं गुण दिला, हे खरंच. पण माझ्या पर्समध्ये खडूच्या डबीशेजारी साखरेची पुडी आजही असते, आणि ताटातला कुठलाही मोठा बदल मी आधी डॉक्टरांना सांगते.