देवगिरी किल्ला : वैभव आणि ऱ्हास

जालना जिल्ह्यातील राजूरचा श्रीगणपती, अंबडची श्री मत्स्योदरी देवी व समर्थ रामदास स्वामींचे जन्मस्थान जांब यांचे दर्शन घेऊन अनेक भाविक वेरूळच्या श्री घृष्णेश्वराकडे प्रस्थान करतात. या मार्गावर, जालन्यापासून सुमारे ७५ कि.मी. अंतरावर, इतिहासप्रसिद्ध देवगिरी किल्ला आहे.

इ. स. ११८७ च्या सुमारास यादव राजा पाचवा भिल्लम याने चालुक्यांचे मांडलिकत्व झुगारून येथे राजधानी स्थापिली. सिंघणाच्या कारकिर्दीत राज्याचा मोठा विस्तार झाला. रामचंद्रदेवाच्या काळात हेमाद्रीसारखा विद्वान मंत्री लाभला. याच काळात, शके १२१२ मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली.

सुमारे ६०० फूट उंचीची टेकडी, तासून उभे केलेले कडे, खडकात खोदलेला खंदक आणि वर जाण्यास अंधारी नामक एकच भुयारी वाट, यांमुळे हा दुर्ग अजिंक्य मानला जाई. तथापि इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात चालून आला, तेव्हा मुख्य सैन्य युवराज शंकरदेवासह दूर होते. किल्ल्यात पुरेसे धान्य नव्हते. कोठारातील पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी आख्यायिका आहे. राजास प्रचंड खंडणी देऊन तह करावा लागला. पुढे इ. स. १३१८ च्या सुमारास हरपालदेवाच्या वधाने यादवसत्ता संपली.

इ. स. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलवून दौलताबाद हे नाव रूढ केले; पण तो बेत टिकला नाही. इ. स. १३४७ पासून बहमनी व नंतर निजामशाही अंमल आला. निजामशाहीतील किल्लेदार जनार्दन स्वामी हे संत एकनाथांचे सद्गुरू होत. इ. स. १६३३ मध्ये मोगलांच्या वेढ्यात पुन्हा अन्नटंचाई झाली व किल्ला स्वाधीन करावा लागला. पुढे औरंगाबाद शहराचा उत्कर्ष होताच येथील राजकीय महत्त्व ओसरले. इ. स. १९४८ पर्यंत किल्ला हैदराबादच्या निजामाकडे होता. आज तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

कडे व खंदक शाबूत असूनही रिकाम्या कोठारांमुळे हा दुर्ग दोनदा नमला, हा बोध येथे घ्यावा. गडावरील जनार्दन स्वामींच्या स्थानाचे दर्शन भाविकांनी अवश्य घ्यावे. अंधारीतून जाताना सोबत विजेरी ठेवावी व वृद्धांस जपून न्यावे.