गर्भहानीचा शोक आणि पतिपत्नीचा धर्म

जबलपूरच्या ग्वारीघाटावर सायंकाळी नर्मदामाईची आरती होते आणि भाविक प्रवाहात दिवे सोडतात. त्यांत एखादा दिवा न जन्मलेल्या बाळासाठीही असू शकेल. तो सोडणारे पतिपत्नी शेजारी उभे असतात. परंतु त्या बाळाविषयी ते एकमेकांशी पुष्कळदा बोलतच नाहीत. असे का व्हावे?

पत्नीचा शोक उघड असतो. पती धीर देण्याच्या हेतूने तिला दुसऱ्या अध्यायातील आत्म्याचे अमरत्व ऐकवितो. उपदेश सत्य असतो. पण तिला वाटते, आपल्या दुःखाला या घरात जागा नाही. पतीही स्वतःचे अश्रू त्याच श्लोकांआड लपवितो. अशा रीतीने ज्ञानच दोघांमध्ये भिंत होऊन राहते.

येथे भगवंतांचे आचरण पाहावे. अश्वत्थाम्याच्या अस्त्रामुळे उत्तरेचे बाळ निष्प्राण जन्मले, ही कथा महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचा शोक निवारण करणारे श्रीकृष्ण तेव्हा सूतिकागृहात गेले. कुंती, सुभद्रा आणि उत्तरा यांचा विलाप त्यांनी ऐकून घेतला; त्यांना आत्मज्ञान सांगितले नाही. परीक्षिताला जीवदान मिळाले ते त्यानंतर. अर्जुन कर्तव्यापासून ढळत होता, म्हणून त्यास उपदेश. उत्तरा केवळ माता म्हणून रडत होती. जीवदान आपल्या हाती नाही, ऐकून घेणे मात्र आहे.

दुसरा अनर्थ दोषारोपाचा. 'पूर्वजन्मीचे पाप' असे घरातील कोणी सहज बोलून जाते. कर्माची गती आकळण्यास कठीण असल्याचे चौथा अध्याय (श्लोक 17) सांगतो. मग सुनेचे कर्म वाचण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? वैद्यकशास्त्राप्रमाणे, दिवस गेल्याचे कळलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे 10 ते 15 जणींना गर्भपात होतो. पहिल्या तीन महिन्यांत त्याचे प्रमुख कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते; नित्याची घरकामे नव्हेत. मनुस्मृतीचा पाचवा अध्यायही, गर्भ जितक्या महिन्यांचा तितक्या रात्रींचे अशौच सांगून, या हानीची नोंद घेतो.

म्हणून पतीने श्लोक प्रथम स्वतःस सांगावा आणि पत्नीचे मन ऐकावे. आपलेही दुःख तिच्यापासून लपवू नये. देवापाशी दिवा लावल्यावर दोघांनी घटकाभर एकत्र बसावे, मौन असले तरी चालेल. दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यासारखेच जाणणारा योगी श्रेष्ठ, असे सहाव्या अध्यायात (श्लोक 32) भगवान म्हणतात. गृहस्थाने या योगाचा आरंभ आपल्या घरापासूनच करावा.